बंद खाणीतला दगड: खनिज संग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
महसूल व वन विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, नागपूर
सर्व जिल्हाधिकारी (गौण खनिज शाखा)
विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग

प्रत: आमच्या संघटनेचा प्रत्येक सभासद. निम्म्या मागण्या त्याच्याकडेच आहेत.

विषय: बंद पडलेल्या दगडखाणींतून खनिजांचे नमुने गोळा करण्यासाठी परवाना, नोंद आणि मर्यादा ठरवून मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खनिजांचे नमुने जमवणारे लोक आहोत. आमच्यात भूशास्त्राचे शिक्षक आहेत, निवृत्त अभियंते आहेत, एक दंतवैद्य आहेत, काही विद्यार्थी आहेत आणि तिघे जण या मालाचा व्यापारही करतात. आमच्या काचेच्या कपाटांत जे मांडलेले आहे ते बहुतेक महाराष्ट्रातल्या दगडखाणींतून आले आहे. त्यातले बरेचसे खाण बंद झाल्यानंतर, कुणालाही न विचारता आणलेले आहे. मागायला येण्याआधी हे सांगून टाकलेले बरे.

कायद्याने आमच्यासाठी पळवाट ठेवलेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ वाचले की कळते. त्याच्या सातव्या पोटकलमात विनापरवाना खनिज काढणे, हलवणे, गोळा करणे आणि नुसते उचलणेही दंडाला पात्र ठरवले आहे. चालू खाणींच्या जोडीला बंद पडलेल्या खाणी आणि जुने ढिगारे यांचाही तिथे उल्लेख आहे. म्हणजे रविवारी सकाळी पाठीवर पिशवी टाकून बंद खाणीत गेलेला प्राध्यापक आणि रात्री नदीपात्रातून वाळूचा डंपर भरणारा माणूस एकाच वाक्यात बसतात. दंड खनिजाच्या बाजारभावाच्या पटीत. आजवर आमच्यापैकी कुणाला नोटीस आलेली नाही, याचे कारण आम्ही निर्दोष आहोत हे नसून आमची पिशवी लहान आहे हे आहे.

या पत्रात आम्ही माफी मागत नाही, की सूटही मागत नाही. लहान पिशवीलाही नियम हवा, आणि तो नियम पिशवीच्या मापाचा हवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता हा दगड काय आहे ते थोडक्यात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार तयार झाले. थर थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. घट्ट काळा पाषाण वेगळा आणि हा छिद्राछिद्रांचा थर वेगळा, हे विहीर खणणाऱ्याला पुस्तकाशिवाय कळते. तो त्याला मांजऱ्या म्हणतो. त्या पोकळ्यांतून पुढे कोमट-गरम पाणी झिरपले आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये आतल्या भिंतींवर स्फटिक होऊन बसली. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट ही झिओलाइट कुळातली, तर ॲपोफिलाइट, प्रेहनाइट, कापसाच्या गोळ्यासारखे दिसणारे ओकेनाइट ही त्यांच्या शेजारी राहणारी. झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये दिले. तापवला की उकळल्यासारखा फसफसणारा दगड, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या खाणीत मात्र सगळ्याला सरसकट 'गारगोटी' म्हणतात, आणि फारच चमकले तर 'हिरा'.

जगातल्या संग्रहालयांत या गारगोट्यांना मान आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला, तेव्हा कापलेल्या खडकातून निघालेले स्फटिक इंग्लंडच्या संग्रहांत पोचले. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यातल्या एका विहिरीतून निघालेले हिरव्या ॲपोफिलाइटचे गोल झुपके संग्राहकांच्या जगात गाजले. नाशिकला पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणी आहेत, जळगावकडच्या आहेत, आणि सर्वांत वरचढ म्हणजे वाघोलीचे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या नावांची अक्षरे जोडून बनलेले हे नाव. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, पण जगातले सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या खाणींतून आले. पांढऱ्या स्टिलबाइटवर गडद निळा गोळा. एकदा पाहिलेला माणूस तो रंग विसरत नाही. आम्ही विसरलो नाही म्हणून तर हे पत्र लिहायची पाळी आली.

आजवर आमचा बचाव एकच होता: क्रशर. चालू खाणीत सुरुंग उडतो, पोकलेन डबर उचलते, डबर क्रशरमध्ये जाते आणि त्याची खडी होते. स्फटिकासकट. परवान्याची सगळी भाषा ब्रासची आहे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, त्यावर स्वामित्वधन. त्या हिशेबात ओंजळभर स्फटिकाला रकाना नाही. अशा जागी मुकादमाला चहा पाजून, डंपर भरण्याआधी दोन दगड बाजूला काढून घेणारा माणूस काही वाचवतच असतो. या बचावावर आमचा आजही विश्वास आहे. वाघोलीचा निळा गोळा कुणी बाजूला काढला नसता तर आज तो पुण्यातल्या कुठल्या तरी इमारतीच्या स्लॅबमध्ये असता.

पण खाण बंद पडली की क्रशर थांबतो, आणि क्रशर थांबला की हा बचावही संपतो. बंद खाणीच्या भिंतीतली पोकळी कुणाच्या तावडीतून सोडवायची? पावसाच्या? तिने कोट्यवधी वर्षे काढली आहेत. आणखी पाच-पंचवीस पावसाळे ती बहुधा काढेल. हे सगळ्यांना लागू नाही, हेही खरे. लॉमोंटाइट उघडे पडले की त्यातले पाणी उडते आणि त्याचा भुगा होतो; ते घरी नेले तरी होतो आणि भिंतीत ठेवले तरी होतो. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र आम्ही 'वाचवतो' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा 'घेतो' असे म्हणायचे असते. हा फरक आम्ही बरीच वर्षे स्वतःशीसुद्धा बोललो नाही.

तो बोलायला लावणारी गोष्ट आमच्याच हातून घडली. पुणे जिल्ह्यातल्या एका बंद खाणीत आमच्या एका सभासदाला डोक्याच्या उंचीवर मेसोलाइटने भरलेली पोकळी दिसली. सुईसारखे स्फटिक, एकही न मोडलेला. त्याने शहाणपण केले: हात लावला नाही, फक्त फोटो काढले. आणि मूर्खपणाही केला: ते फोटो जागेच्या खुणेसह गटात टाकले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण तिथे गेलो तेव्हा भिंतीत ब्रेकरने पाडलेले भगदाड होते आणि खाली सुयांचा चुरा. पोकळी अखंड काढायला लागणारी सवड आणि हात येणाऱ्यांकडे नव्हते. त्यांना जे हवे होते ते मिळाले की नाही तेही कळायला मार्ग नाही. येणारे कोण, याची चौकशी आम्ही फार केली नाही. गटात चाळीस जण होतो.

त्यानंतरच्या दोन बैठकांत जे ठरले ते खाली मांडत आहोत.

मागणी पहिली: आमच्या सभासदांकडे

बंद खाणीत पडलेले उचलावे, उभे तोडू नये. पायाशी सुटून आलेल्या दगडांत, जुन्या ढिगाऱ्यात, डंपरच्या वाटेवर जे असेल त्यातून निवडावे. भिंतीतल्या पोकळीला हातोडी लावू नये. पहार, ब्रेकर, डिझेलवर चालणारे कुठलेही यंत्र सोबत नेऊ नये. एका फेरीत एकाच्या पिशवीत पाच किलोंपेक्षा जास्त वजन नसावे. हा आकडा आम्ही एकमेकांच्या पाठीकडे बघून ठरवला, त्याला दुसरा शास्त्रीय आधार नाही. अपवाद दोन. एक, संशोधनासाठी लेखी परवानगी असेल तर. दोन, खाण बुजवली जाणार हे नक्की असेल तर, त्याबद्दल पुढे.

यावर आक्षेप आला, तो नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपण सोडले की दुसरा नेणार. आपण निदान जपून काढतो, लेबल लावतो. सोडून दिलेली पोकळी ही पुढच्या ब्रेकरसाठी सोडलेली पोकळी." याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण हेच वाक्य वाळूचा डंपर भरणाराही म्हणतो, आणि त्याच्या तोंडी ते आपल्याला पटत नाही.

मागणी दुसरी: महसूल विभागाकडे

छंद आणि अभ्यास यांसाठी खनिजांचे नमुने गोळा करण्याचा एक साधा वार्षिक परवाना सुरू करावा. तहसील पातळीवर मिळणारा, पाचशे रुपये शुल्काचा, एका पानाचा. त्यात पिशवीचे वजन, हत्यारांची यादी, खाणींची नावे आणि वर्षअखेर द्यायचा एक तक्ता एवढेच असावे. जमीन खासगी असेल तर मालकाची संमती वेगळी घ्यावी लागेल आणि ती घेणे आमचे काम. परवान्याशिवाय सापडला तर आजच्या कलमाप्रमाणे दंड करावा, आमचा सभासद असला तरी.

यात नवे काही मागत नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत स्फटिक शोधणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. त्यांना स्ट्रालर म्हणतात. तिथले काही प्रांत त्यांना परवाना देतात. शिवाय त्यांच्यात एक अलिखित शिरस्ता आहे: भेगेपाशी आपली हत्यारे ठेवून गेलेल्या माणसाची जागा दुसरा स्ट्रालर उकरत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या कॅल्डबेक डोंगराळ भागात जुन्या खाणींची माती इतकी उपसली गेली की तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला नमुने गोळा करण्यावर परवानगीची अट घालावी लागली. आपल्याकडे ती पाळी येण्याआधी परवाना आला तर बरे.

सध्या खाणीजवळ पोचल्यावर आम्हाला अडवतो तो रखवालदार. तो शंभर रुपये घेतो, कधी घेत नाही, कधी हाकलतो. त्याच्या हाती काही कागद दिला तर त्याचेही काम सोपे होईल. हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला यात गंमत वाटेल. रखवालदाराला वाटणार नाही.

मागणी तिसरी: लेबल

ही आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हिच्याबाबतीत व्यापारी, संग्राहक, विद्यापीठे सगळ्यांचेच हात काळे आहेत.

जगभरच्या कपाटांत 'जळगाव' असे लेबल लावलेले नमुने आहेत. त्यातले कितीतरी जळगावचे नाहीत. कुठले नगरचे, कुठले नाशिकचे, कुठले एखाद्या शेतातल्या विहिरीचे. 'पूना' या लेबलाखालीही असेच अख्खे पश्चिम महाराष्ट्र मावते. कारण उघड आहे. चांगली खाण सापडली की व्यापारी तिचे नाव सांगत नाही. सांगितले तर दुसरा पोचेल. त्याच्या जागी तो मोठ्या गावाचे नाव लिहितो. घेणारा तेच पुढे लिहितो. दोन हात बदलले की खरी जागा सांगणारा कुणी उरत नाही.

जागा गेली तर फक्त कागद जातो असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक उदाहरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फर्मोर या भूशास्त्रज्ञाने मध्य भारतातल्या मँगनीजच्या खाणी पायाखाली घातल्या. छिंदवाड्याकडच्या सितापार गावावरून त्याने एका खनिजाला सितापाराइट असे नाव दिले. पुढे तपासणीत ते बिक्सबाइट निघाले आणि सितापारचे नाव यादीतून गेले. आम्हाला यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही. नमुना कुठल्या खाणीतला हे लिहून ठेवलेले होते, म्हणून कुणाला तरी तो पुन्हा काढून चुकीचा ठरवता आला. पुण्याच्या नावावरून एकोणिसाव्या शतकात पूनालाइट नावाचे खनिज सांगितले गेले होते; तेही स्वतंत्र खनिज नसल्याचे ठरले. खोटे लेबल लावलेला नमुना चुकीचासुद्धा ठरवता येत नाही. तो फक्त सुंदर असतो.

म्हणून मागणी अशी. भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाने किंवा एखाद्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाने नमुन्यांच्या ठिकाणांची नोंदवही ठेवावी. व्यापाऱ्याची भीती खरी आहे, म्हणून नोंद बंद लिफाफ्यात घ्यावी आणि दहा वर्षांनी उघडावी. लिफाफ्यात खाणीचे नाव, गाव, तालुका, भिंतीची दिशा, थर कितवा, शेजारी कोणती खनिजे होती आणि तारीख. लेबलावर नुसता नोंद क्रमांक आणि जिल्हा. दहा वर्षांत एक तर खाण संपलेली असते नाही तर बाजार दुसरीकडे गेलेला असतो. त्या वेळी खरे सांगायला कुणाचे काही जात नाही. आमच्या तीन व्यापारी सभासदांपैकी दोघांनी याला होकार दिला आहे. तिसऱ्यांनी विचार करतो म्हणून सांगितले, आणि ते अजून विचार करत आहेत.

आमच्या सभासदांसाठी याचीच दुसरी बाजू: ज्या नमुन्याची जागा माहीत नाही त्यावर 'जागा अज्ञात' असे लिहावे. अंदाजाने जळगाव लिहू नये. हे करताना प्रत्येकाच्या कपाटातली किंमत खाली येणार आहे. माझ्या स्वतःच्या कपाटातल्या एकसष्ट नमुन्यांपैकी एकोणीस अज्ञात निघाले, असे हे पत्र लिहिणारा सभासद इथे नमूद करतो.

मागणी चौथी: ज्याच्या हाताला पहिल्यांदा लागले त्याचे नाव

नमुन्याच्या जुन्या लेबलांवर संग्राहकाचे नाव असते, व्यापाऱ्याचे असते, देणगीदाराचे असते. खाणीत तो पहिल्यांदा पाहणाऱ्याचे नाव आम्ही पाहिलेल्या एकाही लेबलावर नव्हते. ही माणसे कोण आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. दगड फोडण्याचे काम पिढ्यान् पिढ्या करणारे वडार आहेत, मराठवाड्यातून आणि राज्याबाहेरून आलेली कुटुंबे आहेत. वाघोलीच्या परिसरात खाणीवरच्या मुलांसाठी पाषाणशाळा भरवाव्या लागल्या, त्या ज्या कुटुंबांच्या मुलांसाठी, तीच ही कुटुंबे. घणाखाली दगड उघडा पडल्यावर आत निळे काही दिसले, हे पाहणारे डोळे त्यांचे.

खाण बंद झाली की मुकादम जातो, मजुरी जाते, पण वस्ती पुष्कळदा तिथेच राहते. मग वस्तीतली पोरे ढिगारा चाळतात, कडेला लोंबकळून पोकळ्या फोडतात आणि एजंटाला शंभर-दोनशेला विकतात. तोच नमुना पुढे किती पटीने विकला जातो हे आमचे व्यापारी सभासद जाणतात. त्यांनी आकडा सांगितला, पण पत्रात लिहू नका म्हणाले.

आम्ही असे मागतो. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून नमुना विकत घेणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा. नोंदवहीत शोधणाऱ्याच्या नावाचा रकाना असावा आणि त्याची हरकत नसेल तर ते नाव लेबलावर यावे. विक्रीच्या किमतीतला काही वाटा त्याला देण्याची सक्ती करावी का, यावर आमच्यात एकमत झाले नाही. सक्ती केली तर नोंदच होणार नाही, अशी भीती काहींना आहे. म्हणून सध्या नावापुरतेच मागतो. हे थोडे आहे, हे मान्य.

मागणी पाचवी: बुजवण्याआधी तीस दिवस

पडलेले उचला, उभे तोडू नका, या नियमाला आम्ही ठेवलेला दुसरा अपवाद हाच. मुंबईत मालाड-कांदिवलीकडच्या खाणींतले प्रेहनाइट आणि गायरोलाइट एके काळी जगभर गेले. आज तिथे वस्ती आणि इमारती आहेत. त्या खाणी पाहायच्या तर संग्रहालयातच पाहाव्या लागतात. वाघोली जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. जमिनीचा भाव तिथे काय आहे हे सांगायला नको. बंद खाण म्हणजे बांधकामाचा राडारोडा टाकायची फुकटची जागा, असा हिशेब प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला चालतो.

इथे क्रशरचा बचाव पुन्हा जिवंत होतो, आणि खरेपणाने होतो. म्हणून खाणीचा खड्डा बुजवण्याची, भराव टाकण्याची किंवा बांधकामाची परवानगी देण्याआधी तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी. त्या तीस दिवसांत जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भिंतींची रेखाटने आणि फोटो करावेत, थर मोजावेत, आणि मग पोकळ्या हळूहळू, नीट, हवे तर यंत्रानेही काढाव्यात. पहिला वाटा शैक्षणिक संग्रहाचा, दुसरा संग्रहालयाचा, उरलेला आमचा. सिन्नरला गारगोटी हे खनिजांचे संग्रहालय आहे, तिथे शाळेच्या सहली जातात आणि मुले काचेला नाक लावून उभी राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असे एक तरी कपाट असावे असे मागायचे तर आधी त्यात ठेवायला जागा माहीत असलेले नमुने हवेत.

मागणी सहावी: काही भिंती कुणाच्याच नकोत

प्रत्येक जिल्ह्यातली किमान एक बंद खाण, जिच्या भिंतीत पोकळ्या आणि लाव्हाचे थर स्पष्ट दिसतात, ती नमुने गोळा करणाऱ्यांना, आम्हाला धरून, पूर्ण बंद असावी. लोणारचे विवर राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकांच्या यादीत आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे काळ्या पाषाणाचे खांब वाचले तेही कुणी तरी वेळेवर आरडाओरडा केला म्हणून. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. त्याची वाट न पाहता जिल्हाधिकारी हे करू शकतात. खाणीला वारसा म्हणायला लोक बिचकतात, कारण ती माणसाने डोंगराला केलेली जखम आहे. आहेच. पण त्या जखमेतून डोंगराचे आत दिसते, आणि शाळकरी मुलाला साडेसहा कोटी वर्षे समजावून सांगायला याहून चांगला फळा नाही.

शिवाय या भिंतींना दुसरेही रहिवासी आहेत. शृंगी घुबड खाणीच्या कपारीत अंडी घालते, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. त्या महिन्यांत जिथे घुबड बसलेले दिसेल तिथे आमचा सभासद हातोडी बाहेर काढणार नाही. ते दिसले की तिथून निघायचे.

उरलेल्या गोष्टी लवकर सांगतो, कारण त्यात वाद नाही. भूमिगत खाणीच्या बंद भुयारात आमचा कुणीही सभासद शिरणार नाही, परवाना असला तरी. आत प्राणवायू कमी असतो आणि लाकडी टेकू कधी कुजले हे कुणाला ठाऊक नसते. विदर्भातल्या मँगनीजच्या जुन्या भुयारांचा मोह काहींना आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खाणीत उतरणार नाही. तिथे दर वर्षी पोहायला गेलेली मुले बुडतात, आणि कुंपण व फलक ही मागणी आमच्या आधी गावकऱ्यांनी कितीदा तरी केली आहे, तिला आमचा पाठिंबा. न उडालेल्या सुरुंगाची तार दिसली तर तिथून मागे फिरून पोलिसांना कळवायचे. आणि तंतुमय खनिजे घरी ब्रशने कोरडी घासायची नाहीत. एरिओनाइट नावाचे तंतुमय झिओलाइट तुर्कस्तानातल्या कापादोकियाच्या काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाला कारण ठरले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. आपल्या कपाटातले तंतू कोणते हे ओळखता येत नसेल तर तोंडाला फडके आणि नमुन्यावर पाणी.

काय मागत नाही तेही लिहितो. नमुन्यांच्या व्यापारावर बंदी मागत नाही. बंदी आली तर माल थांबणार नाही, फक्त लेबल आणखी खोटे होईल. जुन्या संग्रहांसाठी माफी मागत नाही. नवी समितीही मागत नाही.

आमच्याकडून आम्ही सुरुवात केली आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या कपाटाची यादी करायची, प्रत्येक नमुन्यापुढे जागा, आणल्याचे वर्ष, कसा मिळाला आणि कुणाच्या परवानगीने हे चार रकाने भरायचे, असे ठरले. पावसाळा ओसरून खाणींतले पाणी खाली गेले की, दिवाळीनंतर, आमची फिरती सुरू होते. त्याआधी परवान्याचा नमुना ठरवावा, निदान आम्हाला बोलावून घ्यावे, ही विनंती.

सोबत: परवान्याचा एक पानी मसुदा, लेबलाचा नमुना, आणि सभासदांच्या संग्रहांची आतापर्यंत तयार झालेली यादी. यादीत शेवटच्या रकान्यात, परवानगीच्या, एकाही नमुन्यापुढे काही लिहिलेले नाही.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद